अनोळखी हात

हौसाबाई अकरा महिन्यांत पहिल्यांदाच रजेवर गेल्या. सुनेचं बाळंतपण तासगावला होतं आणि रजा त्यांनी मागितली नव्हती, नुसती कळवली होती. मिरजेच्या त्या संशोधन संस्थेतलं उंदीरघर त्यांच्यावाचून अडत असे. उंदीर नवख्या हाताला बुजतात, बुजले की मोजमापं बिघडतात. म्हणून पिंजऱ्यात हात फक्त हौसाबाईंनी घालायचा, असा नियम प्रयोगाच्या प्रमुख डॉ. वृंदा गुळवणींनीच केला होता.

त्या सकाळी वजनं घ्यायला वृंदाने रिकामे पिंजरे धुणाऱ्या समीनाला बोलावलं.

"चावला तर?" समीनाने विचारलं.

"हळू धरा. डोक्याला लागलंय त्यांच्या."

लागलं नव्हतं, लावलं होतं. भूल देऊन प्रत्येकाच्या डोक्यावर ठरावीक जोराचा आघात केला होता. मग निम्म्यांना रोज 'पुनर्बंध' हे औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. आघाताने मेंदूपेशींमधले तुटलेले धागे या औषधाने पुन्हा फुटत. ते नीट जुळले का, हे सांगायला कवटीवर तांदळाच्या दाण्याएवढी ओळखपट्टी होती. ओळखीचं काही समोर आलं की मेंदूत एक विशिष्ट तरंग उठतो. तो उठला की पट्टीवर हिरवा ठिपका लागे. हौसाबाईंचा हात आत गेला की औषधाच्या उंदरांचे ठिपके लागत, मिठाच्या पाण्याच्या उंदरांचे लागत नसत. याच आकड्यांवर माणसांवरच्या चाचणीला मंजुरी मिळाली होती.

समीनाने झाकण उघडलं. सतरा नंबरचा उंदीर सरळ तिच्या तळहातावर चढला आणि बाहीत नाक खुपसून बसला. हिरवा ठिपका लागला.

"मला वळखतो की हा," समीना म्हणाली. "सासरकडचा असंल."

वृंदा हसली नाही. "पुढचा काढा."

औषधाचे बाराही उंदीर तिच्या हातावर आले, बाराही ठिपके लागले. मिठाच्या पाण्याचे मात्र कोपऱ्यात दबून थरथरत राहिले. वृंदाला समीनाच्या बाहीवर करडे केस दिसले.

"घरी मांजर आहे का?"

"तीन हैत. बसले तर मांडीवर, उठले तर खांद्यावर."

मेंदूला मार लागलेला असूनही मिठाच्या पाण्याच्या उंदरांना मांजर कळत होतं. औषधाच्या उंदरांना तो वास घरचा वाटत होता. नवे धागे फुटले होते, पण कुठूनही निघाले तरी एकाच जागी जाऊन मिळाले होते. तरंग आता कशालाही उठत होता. अकरा महिन्यांत त्या पिंजऱ्यांत अनोळखी हात गेलाच नव्हता, म्हणून ते कोणाला दिसलं नव्हतं.

"भीती गेली म्हणायची त्यांची," समीना म्हणाली. "चांगलंच की."

वृंदा खिडकीशी गेली. रस्त्यापलीकडच्या वॉर्डात नऊ रुग्णांना हेच औषध चालू होतं. त्यांतले एक तिचे वडील होते.

अप्पा पाटबंधारे खात्यातले निवृत्त आरेखक. सहा आठवड्यांपूर्वी स्कूटरवरून डोक्यावर पडले. औषधाच्या आधी ते भिंतीकडे तोंड करून पडून असत, कोणी हात लावला की ओरडत. तिसऱ्या आठवड्यात वृंदा आत गेली तेव्हा त्यांच्या कपाळावरच्या पट्टीचा ठिपका हिरवा झाला आणि ते म्हणाले, "आलीस, बाळ?" तेवढेच दोन शब्द ते रोज म्हणत. जन्मभर त्यांनी तिला 'वृंदे' अशी हाक मारली होती. अपघाताने ते हळवे झाले असतील, असं तिने स्वतःला समजावलं होतं.

वॉर्डातही भेटायला फक्त जवळची माणसं आणि नर्स त्याच दोघी. तो नियम तिच्या उंदीरघरावरूनच घेतलेला होता. समीनाला अप्पांजवळ पाठवून पाहू, असं वृंदाने सुचवलं.

"आज नको," वॉर्डाचे डॉ. शिराळकर म्हणाले. "समजा लागला ठिपका, तर काय करणार आहात तुम्ही?"

"माहीत नाही."

"मग कशाला?"

"उंदरांवर केलं ना सकाळी."

संध्याकाळी समीना एकटी आत गेली. वृंदा दारातल्या काचेतून पाहत राहिली. अप्पांनी मान वळवली. ठिपका लागला.

"आलीस, बाळ?"

समीनाने दाराकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "आले, अप्पा," ती म्हणाली आणि पलंगाच्या कडेला बसली. अप्पांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला.

वृंदा आत गेली. त्यांनी तिच्याकडेही तसंच पाहिलं, तितकंच हसले. ठिपका विझलाच नव्हता.

"औषध थांबवलं तर?" तिने मागून आत आलेल्या शिराळकरांना विचारलं.

"धागे टिकणार नाहीत, दोन-तीन दिवसांत पुन्हा औषधाआधीसारखे होतील," शिराळकर म्हणाले. "आणि चालू ठेवलं तर हे असे. बाकीच्या आठ जणांच्या घरच्यांना उद्या सांगावं लागेल. यांचं मात्र तुम्हीच ठरवायचं."

सहाच्या डोसची वेळ झाली होती. सिस्टर ट्रे घेऊन आल्या. सुई पाहून अप्पांनी आपणहून बाही वर सारली आणि दंड पुढे केला.

सिस्टर वृंदाकडे वळल्या. "देऊ ना, मॅडम?"