बस म्हणू नका

रूपसिंग पंखेवाला भुताखेताला भीत नसे, पण वामनराव वकिलांना भीत असे. त्यात त्याचं काही चुकत नव्हतं, निम्मं यवतमाळ भ्यायचं. त्यामुळं एकसष्ट सालच्या जूनमध्ये, मृग लागायला चार दिवस उरले असताना, वकीलसाहेब स्वतः टांग्यातून उतरून दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहिले, तेव्हा रूपसिंगच्या तोंडातला भाकरीचा घास तोंडातच राहिला.

वकिलांनी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. घरातला एकुलता एक टेबलपंखा सकाळी जळाला होता, आणि माहेरी बाळंतपणाला आलेल्या कुंदाचं नऊ दिवसांचं पोर तापानं फणफणत होतं. डॉक्टर बजावून गेले होते, पोराच्या अंगावरचा वारा थांबू देऊ नका, थांबला तर मी जबाबदार नाही. रूपसिंग म्हणायला गेला की हातात दुसरं काम आहे. वकील म्हणाले, "पुढचं ऐकायचं नाही. चल. बस." ही त्यांची कोर्टातली सवय, दर वाक्याच्या शेवटी 'बस'चा शिक्का. रूपसिंगनं पेटी सायकलच्या हँडलला लटकवली आणि टांग्यामागं निघाला.

आता तुम्ही म्हणाल, उन्हाळ्याचं काय एवढं, वाळ्याचा ताटा लावावा दाराला, पाणी मारावं. अहो, वैशाखात ठीक आहे ते. पण मृगाच्या तोंडाशी आभाळ दाटतं आणि पडत मात्र नाही. हवाच ओल्या गोधडीसारखी अंगावर पडून असते. तेव्हा ताट्यावर पाणी मारलं तर घाम दुप्पट येतो. तेव्हा हवा हलली पाहिजे, बाकी कशानं भागत नाही.

वकिलांचा बंगला मूळचा कुण्या गोऱ्या साहेबाचा. रूपसिंग आजवर त्या फाटकाच्या आत गेला नव्हता. पण बंगल्याची गोष्ट त्यानं आईकडून शंभरदा ऐकली होती, कारण त्याचा नाना, म्हणजे आईचा बाप धावजी, तिथं पंखा ओढायला होता. ही माणसं लमाण, बैलांवरून माल नेणारी; रेल्वेनं ते बैल बसवले, मग कुणी शेती धरली, कुणी साहेबाची दोरी धरली. दोरीला फासा करून तो पायाच्या अंगठ्यात अडकवायचा आणि मागच्या व्हरांड्यात उताणं पडून पाय हलवत राहायचं. साहेब म्हणे 'खेंचो' की सुरू, साहेब म्हणे 'बस' की बंद. एका दुपारी साहेबाला गाढ झोप लागली आणि 'बस' म्हणायचं राहून गेलं. संध्याकाळी रूपसिंगची आई मानीबाई, तेव्हा बारा वर्षांची, भाकरी घेऊन आली, तर बाप थंडगार आणि दोरी अंगठ्यातच होती. मढं नेलं रे आम्ही, ती सांगायची, पण बापू काही घरी आला नाही.

बाळंतिणीच्या खोलीत ओव्याच्या धुरीचा वास होता आणि त्यात जळक्या तारेचा. कुंदा पलंगावर पोराला घेऊन बसली होती. पोर लालबुंद झालं होतं, रडायचंही त्यानं सोडलं होतं. कुंदाची आई रत्नप्रभाबाई हातपंख्यानं वारा घालत होत्या, त्यांचं मनगट सुजलं होतं. पलंगाच्या वर, आढ्याला, साहेबाच्या वेळचा तो झालरीचा पंखा टांगलेला होता. भलं मोठं लाकूड आणि खाली पिवळं पडलेलं कापड. त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून मागच्या व्हरांड्यात गेली होती. काढू काढू म्हणत वकिलांनी चौदा वर्षं काढली, पंखा तेवढा काढला नव्हता.

रूपसिंगनं टेबलपंखा उघडला आणि कपाळाला हात लावला. कॉइल पार कोळसा झालं होतं. नवं गुंडाळायचं, वार्निश द्यायचं, वाळवायचं, म्हणजे संध्याकाळ. हे ऐकून वकील दोन मिनिटं गरजले आणि मग बर्फ मिळतो का बघायला टांग्यातून निघून गेले. नातवाला काही झालं तर ह्या माणसाला ओरडण्याखेरीज दुसरं काही करता येणार नाही, हे रूपसिंगला दिसलं, आणि पहिल्यांदाच त्याला वकिलांची दया आली.

तो पुढच्या व्हरांड्यात कामाला बसला. बाराचा सुमार होता, म्हणजे आपल्याकडं एकट्यानं फिरायची वेळ नव्हे. रस्त्यावर माणूस नाही, झाडावर कावळा नाही. तारेचे वेढे मोजायचं काम असं की मध्ये बोललं तर पहिल्यापासून मोजावं लागतं. दोनशेच्या पुढं कुठंतरी त्याच्या कानावर आवाज आला. कर्र... कर्र... त्यानं दारातून आत पाहिलं. आढ्याचा झालरवाला पंखा संथपणे डोलत होता, आणि पोर रडत होतं, चांगलं दणदणीत. बरं झालं, रूपसिंगला वाटलं, बाईंनी कुणाला तरी दोरीवर बसवलं. आणि तो पुन्हा मोजू लागला.

तासाभरानं रत्नप्रभाबाई तांब्या घेऊन बाहेर आल्या. रूपसिंग वार्निश लावलेलं कॉइल वाळत ठेवून पाठ ताणत उभा होता.

"बस रे जरा, पाणी पी," त्या म्हणाल्या.

आतला आवाज थांबला.

"थांबला का तुझा माणूस? चांगला ओढत होता."

"माहा माणूस?" रूपसिंग म्हणाला. "मी त कोनी आणला नाही बाई. तुमच्याच घरचा असन म्हटलं..."

 दोघं पाय न वाजवता घराला वळसा घालून मागं गेले. व्हरांड्यात कुणी नव्हतं. फरशीवर वाळल्या पानांचा कचरा होता आणि एवढ्याशा जागेत, उताणा माणूस मावेल एवढ्या, कचरा नव्हता. दोरीचं टोक जमिनीला टेकलं होतं. टोकाला फासा होता, अंगठा जाईल एवढा.

आत पोर पुन्हा किरकिरायला लागलं. कुंदानं हाक मारली, "आई, वारा थांबला गं..." तिच्या आवाजात रडू होतं. रूपसिंगच्या अंगाला दरदरून घाम सुटला होता, तरी तो दोन पावलं पुढं झाला. दोरीकडं पाहून तो म्हणाला,

"नाना... खेंचो."

फासा जमिनीवरून वीतभर वर उचलला गेला. दोरी ताठ झाली आणि आत कर्र... कर्र... सुरू झालं.

रत्नप्रभाबाईंनी खांब धरला. मग तरातरा आत गेल्या, पोराच्या कपाळाला हात लावला आणि परत आल्या. रूपसिंगनं भीत भीत, चाचरत, आजाची गोष्ट सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि पदरानं तोंड पुसलं.

"कपाळ जरा निवलंय पोराचं," त्या म्हणाल्या. "ओढणारा कोण का असेना. तू तुझं काम कर. आणि ह्या घरात आता तो शब्द कुणी काढायचा नाही."

बोलणं सोपं असतं हो. पण मराठी माणसाच्या घरात 'बस' न म्हणता दुपार काढून दाखवा. पाव्हण्याला बसा म्हणायचं नाही, मुलाला वाढताना बस का विचारायचं नाही. चार वाजता शेजारच्या बेबीताई बाळाला पाहायला आल्या. रत्नप्रभाबाई दारातच आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "टेका." बेबीताईंनी इकडंतिकडं पाहिलं, कशाला टेकायचं ते त्यांना कळेना. मग "अगं, बसते की मी," असं म्हणाल्या, आणि काय सांगू, 'बस'वर पंखा जागच्या जागी अडखळला आणि 'ते' ऐकून मुकाट्यानं पुढं चालू लागला. कुंदाला एवढ्या ताणातही हसू फुटलं. बाळंतीण नऊ दिवसांत पहिल्यांदा हसली. बेबीताईंना वाटलं, आपल्यालाच हसली. त्या रागावून निघून गेल्या.

खरी कसोटी वकिलांची होती. बर्फाचं पोतं घेऊन टांगा फाटकाशी थांबला, आणि हा तर दर वाक्याला शिक्का मारणारा माणूस. रत्नप्रभाबाई अनवाणी धावत गेल्या आणि त्यांनी भर रस्त्यात नवऱ्याच्या तोंडावर हात दाबला. तीस वर्षांच्या संसारात असं पहिल्यांदाच घडत होतं. वकील इतके चकित झाले की संध्याकाळपर्यंत बोललेच नाहीत.

दिवस कलताना टेबलपंखा जोडून झाला. बटण दाबताना रूपसिंगनं डोळे मिटले होते. पातं घरघरलं, वारा सुटला, कुंदाच्या कपाळावरचे केस उडाले. डॉक्टर आले, ताप उतरला म्हणाले आणि सगळं श्रेय बर्फाला देऊन गेले. वर झालरीचा पंखा डोलतच होता. कुणी सांगितल्याशिवाय तो थांबायचा कसा?

"तूच सांग बाबा," रत्नप्रभाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "तुझाच आहे तो. आणि म्हणावं, उपकार झाले."

रूपसिंग सायकल घेऊन मागच्या व्हरांड्यापाशी आला. दोरी ताठ होत होती, ढिली होत होती. आतापर्यंत त्याला नुसती भीती वाटली होती, आता त्यानं सायकल दोरीजवळ नेऊन स्टँडला लावली. त्रेचाळीस वर्षं म्हातारा घरच्या माणसाच्या एका शब्दासाठी पडून होता.

"नाना," तो म्हणाला. "झालं. पोरगं वाचलं. आता घरी चाला. बस."

दोरी ढिली पडली आणि फासा फरशीवर टेकला. रूपसिंगनं वाकून नमस्कार केला, स्टँड काढला, सायकलवर टांग टाकली. मागं कॅरिअर करकरलं. मागचं चाक रिमपर्यंत दबलं.

बघा आता. ह्यानं म्हटलं 'पुरे'. त्यानं ऐकलं 'बैस'. न्यायला आलेला माणूस सायकलशेजारी उभा राहून घरी चला, बस म्हणतो, तेव्हा आपल्या मुलखात दुसरं काय ऐकू येणार?

रूपसिंगनं मागं पाहिलं नाही. लोहाऱ्याकडच्या आपल्या लमाण तांड्यापर्यंतचा रस्ता त्यानं कसा काटला ते त्यालाच ठाऊक. पायात गोळे आले. खड्डा आला की तो दबक्या आवाजात म्हणे, "सांभाळून नाना," आणि मग आपण कुणाशी बोललो हे आठवून जोरात पायडल मारी. उतारावर सायकल अशी सुटली की त्याला भीती वाटत असतानाच हसायला आलं, आणि आपल्याशिवाय आणखी कुणीतरी हसलं की काय, हे त्यानं ठरवायचं टाळलं.

दिवेलागणीला तो दारात उतरला. कॅरिअर पुन्हा करकरलं आणि चाक वर आलं. मानीबाई चुलीपुढून उठून बाहेर आली. पाय धुवायला तिनं पाण्याचे दोन लोटे आणून उंबऱ्याशी ठेवले.

"दोन कायले वं याडी?" रूपसिंगनं आईला विचारलं.

"एक तुले," ती म्हणाली. मग तिनं सायकलच्या मागं, जिथं कुणी नव्हतं तिथं पाहिलं, आणि लहान पोरीच्या आवाजात आपल्या लमाणांच्या गोर बोलीत म्हणाली, "बेस, बापू. बेस."

वकिलांच्या घरी अजून पाव्हण्याला 'टेका' म्हणतात. त्या बाळानं मोठेपणी त्याचं कारण खूपदा विचारलं.

त्या संध्याकाळी मात्र रूपसिंग उंबऱ्यावर बसून होता. तांड्यात अजून वीज नव्हती, पंखा नव्हता. आत आईनं चुलीवर भाकरी टाकली. थोड्या वेळानं त्याच्या मानेवरचा घाम वाळू लागला. दाराच्या आडव्या दांडीवर वाळत घातलेली गोधडी हळूहळू आत जात होती, बाहेर येत होती, पुन्हा आत जात होती.

"वारा सुटला," मानीबाई आतून म्हणाली.

रूपसिंगनं अंगणातल्या निंबाकडं पाहिलं. त्याचं एक पान हलत नव्हतं.