घुमटाखाली मी गप्प होते

मी बोलले नव्हते.

पुन्हा सांगते, कारण कुणी ऐकतच नाही. मी, कस्तुरी गड्डम, सातवी ब, एक अक्षरही बोलले नव्हते!

थोडं मागून. सोलापूरहून आमची सहल विजापूरला आली. सोबत शाळेचा नवा यंत्रमानव, मार्गी. तो माहिती सांगतो आणि चाळे करणाऱ्यांची नावंही. गोल घुमटाच्या आत, उंचावर, गोलाकार सज्जा आहे. तिथे मी भिंतीला टेकून उभी होते. मार्गी शेजारी. हत्तुरे सर थेट समोर, पार पलीकडे.

"अपमानास्पद वाक्य ऐकले," मार्गी म्हणाला. "दिशा: कस्तुरी."

सर तरातरा आले. "गड्डम, बसमध्ये जाऊन बस. तुझी सहल संपली."

"पण सर, मी—"

"यंत्र खोटं बोलतं का?"

(खोटं बोलत नाही. चुकतं! मोठ्यांना हा फरक का कळत नाही?)

"माझा आवाज होता का तो?" मी मार्गीला विचारलं.

"ती कुजबुज होती. कुजबुजताना स्वरतंतू (गळ्यातल्या आवाज काढणाऱ्या पट्ट्या) थरथरत नाहीत. मग आवाज ओळखणे अवघड. मी फक्त दिशा मोजली."

फक्त दिशा! आणि तेवढ्यावर मी बसमध्ये!

"सर, एकदाच. एकच प्रयोग."

माझा मित्र जुबेर पलीकडे गेला, सर उभे होते तिथेच. भिंतीला तोंड लावून कुजबुजला. इकडे मी तोंडात पाण्याचा घोट धरला.

"कुणीतरी म्हणाले, भूक लागली," मार्गी बोलला. "दिशा: कस्तुरी."

"अरे, तिच्या तोंडात पाणी आहे!" अख्खा वर्ग ओरडला.

मार्गीने मान भिंतीकडे वळवली.

"मैदानात आवाज पसरतो, विरतो. इथे भिंत गोल आहे. आवाज तिच्यावर तिरका आदळतो, परावर्तित होतो (आदळून वळतो), पुढे पुन्हा आदळतो. असा भिंत धरून इथवर येतो. कस्तुरी फक्त वाटेत उभी होती. मी भिंतीचा विचारच केला नाही."

मी पाणी गिळलं. "मग ते पहिलं वाक्य ऐकव."

"'याची बॅटरी तरी संपू दे. आमच्या वेळी गाइड माणसं होती.'"

आमच्या वेळी.

सगळा वर्ग सरांकडे वळला. सर चष्मा पुसू लागले. मग पलीकडे चालत गेले. थोड्या वेळाने माझ्या कानाशी भिंत पुटपुटली, "चुकलो मी, गड्डम."

म्हणजे? रागवायचं सगळ्यांसमोर, आणि माफी भिंतीतून?

"सर, मोठ्याने!"

सर भिंतीपासून एक पाऊल पुढे आले.

"चुकलो मी, कस्तुरी!"

घुमटाने ते पुन्हा म्हटलं. पुन्हा. पुन्हा.

"यापुढे आधी भिंत बघेन, मग नाव घेईन," मार्गी म्हणाला. मग त्याने मान वर केली. "आत्ताच्या वाक्याची दिशा: सगळीकडून."