भागीरथाबाईंचं बटन

शुद्धलेखनात चुकलो तर सांभाळून घ्या. माझी शाळा आठवीतच सुटली, शब्दही साधेच येतात. तारिकनं सांगितलं तसंच लिहितो, पदरचं काही घालत नाही.

तारिक आर्णीचा, शकील मिस्त्रीच्या हाताखाली वायरिंग शिकलेला. एकट्यानं घेतलेलं त्याचं पहिलं काम म्हणजे पुंडलिकरावांचं घर. पन्नास वर्षांपूर्वीचं घर ते. लाकडी पट्ट्यांवरून गेलेल्या तारा, लाकडी बोर्ड, त्यावर काळी गोल बटनं. दाबली की ‘टक्’ आवाज पार अंगणात ऐकू यायचा. म्हातारे एकटेच राहत. पुण्याच्या मुलानं, प्रफुल्लनं, मोबाइलवर दिसणारी नवी बटनं पाठवली होती. संध्याकाळी बाबांनी स्वयंपाकघरातला दिवा लावला की तिकडे त्याला कळणार, बाबा ठीक आहेत. हे जमलं नाही तर दिवाळीनंतर घराला कुलूप आणि बाबा पुण्याला, असं त्यानं बजावलं होतं.

तारिक खाली मान घालून काम करत होता. पुंडलिकराव हसले. “शकीलनं मिस्त्री पाठोला का नवरदेव? तोंड तं उघड.”

मग हळूच म्हणाले, “स्वयंपाकघरातलं तेवढं राहू दे. ते भागीरथाचं हाय.”

भागीरथाबाई, त्यांची बायको, जाऊन चार वर्षं झाली होती. दिवेलागणीला फोडणी टाकता टाकता, हात न धुताच त्या बटन दाबायच्या. बटनाच्या खाचेत हळद बसलेली होती.

पण फोनवर प्रफुल्ल म्हणाला, तेच बटन आधी बदल. तारिकला कोणालाच नाही म्हणता येत नाही. दुपारी पुंडलिककाकांचा डोळा लागला तेव्हा त्यानं तो बोर्ड उघडला आणि थांबला. आतल्या दोन्ही तारा उंदरांनी कुरतडलेल्या, टोकांवर कोळ्याचं जुनं जाळं. टेस्टर लावला, पेटला नाही; तारांत वीजच नव्हती. त्यानं मुकाट्यानं नवी तार ओढली, नवं बटन बसवलं, जुनं पिशवीत टाकलं.

काका उठल्यावर त्यानं चाचरत विचारलं, स्वयंपाकघरातला दिवा कधीपासून बंद आहे?

“बंद कायले राहीन? रोज लागते.” मग त्यांची नजर नव्या पांढऱ्या बटनावर गेली. ते रागावले नाहीत, ओसरीत जाऊन बसले. “म्हणूनच तं मी पुण्याले जात नाही, बापू. मी गेलो तं ती कोनासाठी लावन?”

तारिकला वाटलं, वय झालं, म्हातारे असंच बोलतात.

दिवस मावळला. बाहेर कापसाच्या गाड्यांची धूळ खाली बसत होती. तारिक ओसरीत, काकांच्या पायाशी बसून सामान आवरत होता. अचानक फोडणीचा वास आला... चूल तर थंड होती.

टक्.

आवाज स्वयंपाकघरातून आला नव्हता. त्याच्या गुडघ्याला टेकलेल्या पिशवीतून आला होता. आणि आत, स्वयंपाकघरात, दिवा लागला.

काकांनी तिकडे पाहून हात जोडले.

लगेच तारिकचा फोन वाजला. प्रफुल्ल खुशीत होता. “जमलं गा! बाबांनी दिवा लावला, दिसून राह्यला मले.”

तारिकनं काकांकडे पाहिलं. काका तर त्याच्यासमोर बसले होते... जागचे हललेही नव्हते.

रात्रभर तो आपल्या घरी पिशवीकडे पाठ करून पडून राहिला. भीती वाटत होतीच, पण एका विचारानं तो जास्त हादरला. उद्या काका पडले, उठूच शकले नाहीत, तरी पुण्याला दिवा लागलेलाच दिसेल. प्रफुल्ल निवांत झोपेल.

सकाळी आठच्या आतच तो काकांकडे पोचला. प्रफुल्लला फोन करून सांगितलं, स्वयंपाकघरातली वायरिंग जुनी आहे, तिथं भरवसा नाही. नवं बटन काकांच्या पलंगाशी लावतो, रोज काका स्वतः ते दाबतील. आयुष्यात पहिल्यांदा तो आपल्या म्हणण्यावर अडून बसला. प्रफुल्लनं थोडी कुरकुर करून मानलं.

मग त्यानं नवं बटन पलंगाशी लावलं आणि स्वयंपाकघरातली नवी तार ओढून काढली. कुरतडलेल्या तारा होत्या तशाच आत सारल्या.

“जोडल्या का रे?” काकांनी विचारलं.

“नाही काका. जशा होत्या तशाच ठेवल्या.”

काळं बटन काढायला त्यानं पिशवीत हात घातला. बोटं पिवळी होऊन बाहेर आली. हळद ओली होती.

त्यानं ती पुसली नाही. बटन तसंच जागेवर बसवलं.