पावणेसहाची मुक्कामी आणि शेवटची वीस मिनिटं

सुरुवातीलाच सांगून टाकते — मी हो म्हणाले. स्वप्निलला, सिनेमा हॉलच्या पायरीवर, संध्याकाळी सहाच्या सुमारास.

आता हे वाक्य मागे घेते. असं काही झालेलं नाही. मी कोणत्याही पायरीवर नव्हते, स्वप्निल नावाच्या कोणालाही ओळखत नाही, आणि तुम्ही ही गोष्ट आत्ता कुठे वाचायला घेतली आहे. शेवट आधी कळला की मजा जाते असं लोक म्हणतात. आमच्या गावाला शेवट कधी कळलेलाच नाही, त्यामुळे आम्हाला अनुभव नाही.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून आत. तिथे जाणारी संध्याकाळची एकच एसटी. ती गोंदियाहून पावणेसहाला सुटते, रात्री गावातच झोपते आणि सकाळी परत जाते, म्हणून तिला मुक्कामी म्हणतात. गोंदियातला दुपारचा शो सुटतो सहाला दहा कमी असताना. हॉलपासून बस स्टँड दहा मिनिटं. म्हणजे साडेपाचला उठावं लागतं. म्हणजे आमच्या गावाने आजवर जितके पिक्चर पाहिले, त्यातल्या एकाचीही शेवटची वीस मिनिटं पाहिलेली नाहीत.

याचं कोणाला वाईट वाटत नाही. शेवट आम्ही बसमध्ये ठरवतो.

मंगळवारी तिकीट स्वस्त असतं, आणि मी ज्या चष्म्याच्या दुकानात काम करते त्यालाही मंगळवारीच सुट्टी. धान कापून झालं, मळणी झाली की गावातले आठ-दहा जण माझ्यासोबत निघतात. परतीच्या गाडीत कंडक्टर यादोराव आधी तिकिटं फाडतो, मग मधोमध उभा राहून म्हणतो, "हिरो मेला मननारे, हात वर." मग डोकी मोजतो. पिक्चर न पाहिलेल्यांनाही मताचा हक्क आहे, कारण त्यांनी तिकीट काढलेलं असतं — बसचं. एकदा निकाल लागला की तो गावभर लागू होतो.

त्याआधी चर्चा होते. आमच्या शेजारच्या सुशिलाबाई पिक्चरची पारख जेवणावरून करतात. अख्ख्या पिक्चरमध्ये हिरॉइनने एक घास खाल्ला नाही, तर ती बाई खोटी. निवृत्त मास्तर सेवकराम गुरुजी शेती बघतात. गेल्या वर्षी दिवाळीच्या गाण्यात, ऐन कापणीच्या दिवसांत, मागे हिरवंगार धान उभं होतं, तेव्हापासून त्या हिरोच्या कुठल्याही शब्दावर त्यांचा विश्वास नाही.

तर, नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी आम्ही अंधारात रांगेने उठलो. सुशिलाबाई पुढे, मी सगळ्यात मागे. माझी ओढणी खुर्चीच्या खिळ्यात अडकली. मी ओढली, ती आली नाही. पडद्यावर डाकू हिरॉइनला दरीकडे नेत होते. तेवढ्या उजेडात एक हात आला, त्याने ओढणी हळूच सोडवली… आणि त्या हाताला समोशाचा वास होता.

"दर मंगळवारी ह्याच टायमाला जाता तुम्ही," हाताचा मालक म्हणाला. "शेवट आवडत नाही का?"

"बस आवडते," मी म्हणाले, आणि पळाले.

त्या रात्री हिरॉइन अकरा विरुद्ध आठ मतांनी वाचली. मी मत दिलं की नाही, मला आठवत नाही.

पुढच्या मंगळवारी कळलं, तो स्वप्निल. हॉलची कॅन्टीन चालवतो. इंटरव्हलपर्यंत समोसे तळतो, त्यानंतर कढई घासतो, आणि मग दाराशी उभा राहून उरलेला पिक्चर बघतो. त्याने आयुष्यात एकाही पिक्चरची सुरुवात पाहिली नव्हती. कोणताच माणूस गुंड का झाला हे मला माहीत नाही, तो म्हणाला. मला भेटतो तेव्हा तो झालेलाच असतो.

असा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. आमचा करार तिथल्या तिथे झाला. इंटरव्हलला मी काउंटरवर जाऊन त्याला अर्धा पिक्चर चार मिनिटांत सांगायचा. आणि त्याने मला मागच्या मंगळवारचा शेवट सांगायचा. समोसा वेगळा.

दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघणं हा माझा धंदा आहे. डावा झाका, उजवा झाका, वरून तिसरी ओळ वाचा. आजवर हजारो डोळे बघितले, काही वाटलं नाही. पण हा कढईवरून मान वर करून बघायचा, आणि मी — गुंडाला दोन मुलं होती की तीन, हेच विसरायचे.

"दोन होती," तो म्हणायचा.

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही तर पाहिलं नाही."

"तुम्हीच मघाशी सांगितलं. तेव्हापण इकडंच पाहून राहिल्या होत्या."

डाकूंच्या पिक्चरमध्ये शेवटी लग्न झालं, असं त्याने सांगितलं. पुढच्या कोर्टाच्या पिक्चरमध्येही लग्नच झालं. मी खुशीत बसमध्ये जाऊन हा खरा शेवट मांडला, तर यादोरावने मान हलवली. लागलेला निकाल बदलत नसतो, मागच्या पिक्चरची फाईल बंद झाली, असं त्याने सांगितलं. सुशिलाबाई मात्र माझ्याकडे बघत राहिल्या. खरा शेवट हिला कळतो कुठून, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. तो त्यांनी पदरात बांधून ठेवला.

तिसरा पिक्चर पाणबुडीचा होता.

"त्या दोघांचं लग्न झालं," स्वप्निल म्हणाला.

"पाणबुडीत?"

"हो."

"मंडप?"

"लहान होता."

"समुद्राच्या तळाशी भटजी कुठून आला?"

त्याने एक समोसा उलटला. "तो आधीपासून आतच होता… मुख्य इंजिनिअर तोच निघाला."

मी इंजिनिअरचा चेहरा आठवून पाहिला. शेंडी होती की टोपी, काही केल्या लक्षात येईना. मी विश्वास ठेवला.

शनिवारी नागपूरहून मावसबहिणीचा, प्रेरणाचा फोन आला. तिने तो पिक्चर पूर्ण पाहिला होता, नागपूरला बसची अडचण नसते. पाणबुडी बुडाली, ती म्हणाली. सगळे मेले. मी आधीच्या दोन पिक्चरचीही चौकशी केली. हिरॉइन दरीत पडली होती आणि कोर्टातल्या हिरोला जन्मठेप झाली होती.

त्याच संध्याकाळी माझ्या वडिलांनी, बाबूजींनी, जेवताना सांगितलं, बुधवारी तिरोड्याचे पाहुणे मला पाहायला येणार. मुलगा नोकरीत आहे, घरी ट्रॅक्टर आहे, वागायला साधा आहे. मग ताटाकडे बघत म्हणाले, "तुह्या मनात काही असन तं आताच सांग. नंतर मले फसवू नको."

मी वरणाचं भांडं पुढे सरकवलं. मनात एक जण होता, पण तो खोटारडा निघाला होता. शिवाय त्याच्या मनात काय आहे हे त्याने एकदाही म्हटलं नव्हतं. मधे एक मंगळवार होता, आणि त्यातही इंटरव्हल दहा मिनिटांचं.

मंगळवारी मी काउंटरवर गेले.

"आज सुरुवात सांगणार नाही," मी म्हणाले.

"का बरं?"

"पाणबुडी बुडाली."

त्याने समोसा कागदात ठेवला, बाहेर काढला, परत ठेवला.

"आणि उद्या तिरोड्याचे पाहुणे येऊन राहिले. मला पाहायला."

"अच्छा," तो म्हणाला.

घंटी वाजली. त्याने कागद माझ्या हातात दिला. एका समोशावर दोन चटण्या होत्या. दोन चटण्यांचा काय अर्थ काढायचा, हे मला बी.ए.ला कोणी शिकवलेलं नव्हतं.

साडेपाचला आमची रांग उठली. मी उठले नाही.

"चाल वं गुंजन," सुशिलाबाई कुजबुजल्या.

"तुमी व्हा पुढं. मी थांबतो."

"गाडी चालली जाईन ना."

"जाऊ द्या."

मागून कोणी तरी बैठो भाई म्हणालं. सुशिलाबाईंनी पडद्याकडे पाठ करून एकदा मला पाहिलं, एकदा दाराशी उभ्या असलेल्या माणसाला, एकदा माझ्या मांडीवरच्या चटणीच्या कागदाला. मग त्या गेल्या. इतक्या भराभर जाताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आयुष्यात पहिल्यांदा मी शेवट पाहिला. हिरो विमानतळाकडे धावला. वाटेत गाडी बंद पडली, तो पायी धावला. पोहोचला तोवर विमान गेलं होतं. तो परत घरी आला. संपलं. एवढ्यासाठी लोक थांबतात.

दिवे लागले. लोक निघून गेले. मी बाहेर पायरीवर आले, तर तो तिथे होता, हातात झारा तसाच.

"ह्यातही लग्न नाही," मी म्हणाले.

"एकातही नव्हतं. मीच लावत होतो."

"कायले?"

तो झाऱ्याकडे बघत राहिला. "पहिल्या दिवशी तुम्ही बसकडं पळत गेल्या ना… इतक्या खुशीत. वाटलं, हिरॉइन मेली असं सांगितलं तर पुढच्या मंगळवारी येतील की नाही. मग दुसऱ्यांदा पण तेच वाटलं. पाणबुडीच्या वेळेस तर मी आठवडाभर विचार करत होतो, भटजी कुठून आणू."

मी हसायचं नाही असं ठरवलं होतं. ते जमलं नाही.

"आणि आपलं काय?" मी विचारलं. "की तेही उद्या तिरोड्याहून कळेल?"

"मला कोणाचीच सुरुवात माहीत नसते," तो म्हणाला. "तुमची सांगाल का? अगदी पहिल्यापासून. मला तुमच्याशीच लग्न करायचं आहे, ते मी उद्या येऊन तुमच्या बाबूजींना सांगतो… पाहुण्यांच्या आधी. पण आज गावापर्यंत तीस किलोमीटर आहेत. तेवढ्यात जितकं होईल तितकं सांगा."

मी काय म्हणाले, ते इथे लिहीत नाही.

त्याची मोटरसायकल थंडीने दोन किकमध्ये सुरू झाली नाही, तिसऱ्यात झाली. दोन्ही बाजूंनी बांधी, म्हणजे धान कापलेली शेतं, तणसाचा वास, कुठे तरी शेकोटीचा धूर. मी त्याच्या कानाशी ओरडून माझं बालपण सांगत होते. गोरेगावचा बाजार मागे पडला तेव्हा मी चौथीत होते. तो मधेच म्हणायचा, "हे दोनदा सांगा, वारा आला." वारा आलेला नव्हता.

गावात शिरलो, तेव्हा मी अकरावीत नापास होणार होते, पण ते राहूनच गेलं. चौकात मुक्कामी उभी होती, इंजिन बंद, आणि एकही माणूस घरी गेलेला नव्हता. सगळ्यांच्या मधोमध बाबूजी. दर मंगळवारी ते मला उतरवून घ्यायला येतात. आज गाडीतून मी सोडून सगळे उतरले होते.

स्वप्निलने गाडी बंद केली आणि झारा हँडलला अडकवलेला आहे हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं.

"या," यादोराव म्हणाला. "निकाल लागला."

मुक्कामी गोंदियाच्या स्टँडबाहेर पडताच सुशिलाबाईंनी विषय मांडला होता. डोळे, ओढणी, दोन चटण्या. शिवाय पोराच्या मामाचं गाव कचारगडच्या रस्त्यावर आहे, माणसं बरी आहेत, हेही त्यांनी मागच्याच आठवड्यात काढून ठेवलं होतं. सेवकराम गुरुजींनी पोराच्या घरी धानाची शेती असल्याचं ऐकून पाठिंबा दिला. गुंजनचं लग्न समोसेवाल्याशी होते मननारे, हात वर. बावीस. गावात पोहोचल्यावर बाबूजींनी सगळं ऐकून घेतलं आणि मलाही मत द्यायचं आहे म्हणाले.

"बावीस विरुद्ध एक," यादोराव म्हणाला.

"माहं होय ते एक," बाबूजी म्हणाले.

"काऊन बाबूजी?" मी विचारलं.

"तिरोड्याचा पोरगा वाईट नाई ना बेटा." ते गाडीच्या विझलेल्या दिव्याकडे बघत होते. "अन् तू चालली जाशीन तं मंगळवारी मी कोणाले घ्यायले येऊ? मनून मत देल्लं. पण पडलो मी. आता बावीस माणसाईले मी का सांगू." त्यांनी खिशातून मोबाईल काढला, तिरोड्याचा नंबर शोधला, आणि कानाला लावण्याआधी स्वप्निलकडे वळले. "तू का उभा आहेस जी? चाल, जेवून घे. तो झारा आत घे, चोरी जाईन."

सबब, एसटीच्या माननीय विभाग नियंत्रकांस नम्र विनंती, की सदर मंगळवारी मुक्कामी बसच्या मतदानात श्री. नंदलाल, म्हणजे आमचे बाबूजी, यांनी दिलेलं एक विरोधी मत हे प्रवाशाने गाडीत विसरलेलं सामान समजून डेपोत जमा करून घ्यावं, आणि त्यांनी ओळख पटवून मागितलं तरी ते परत देऊ नये. ते अजून अधूनमधून मागतात.