लिंबावरून गेलेली रेघ

"अरे, ही रेघ लिंबाच्या बुंध्यावरूनच गेलीय!" रुपाली ओरडली.

केडगावात नव्या वाचनालयाची आखणी झाली होती. कडुलिंबाजवळच्या रिकाम्या जागेत चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा होत्या आणि उद्या पाया खणायला सुरुवात होणार होती. रुपालीचा मामेभाऊ करण आणि शेजारची राजनंदिनी धावतच आले. दिवाळीच्या सुट्टीत तिघांना दुसरा उद्योग नव्हताच!

करणने तिथे लावलेल्या फलकावरच्या नकाशावर बोट ठेवलं. "इथे तर लिंब अंगणात आहे. वाचनखोली त्याच्या सावलीत!"

"म्हणजे आखताना नकाशा कोणीतरी फिरवलाय!" राजनंदिनी म्हणाली.

रुपाली बुंध्याला टेकली. भाऊबीज झाली आणि आई-बाबा ऊसतोडीला गेले, ते इथूनच. टेम्पोत चढताना आई म्हणाली होती, "ह्याच लिंबाखाली येऊन भेटते बघ तुला." आईची आठवण आली की रुपाली इथे येऊन बसे. आठवण रोजच येई. आता लिंबच गेला तर?

तिघं वाचनालयाचे अध्यक्ष वैजनाथकाकांकडे गेले. "मीच फिरवला!" काका हसले. "दार पुणे रोडकडं केलं, म्हंजी पाटी लांबून दिसंल. एका झाडाचं काय एवढं?"

वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी! पण करण वस्ताद.

"काका, वाचनालयाचे पहिले वाचक तुम्हीच व्हा ना!"

काका खूश! चार वाजता पोरांनी रेघांच्या आत, वाचनखोलीच्या जागी खुर्ची मांडली आणि काकांच्या हाती पेपर दिला. ऊन थेट तोंडावर! काकांनी डोळे बारीक केले, घाम पुसला, खुर्ची सरकवली, मग आणखी सरकवली. शेवटी लिंबाच्या सावलीत टेकून म्हणाले, "हां, आता कसं वाचता येतंय!"

"पण काका, तुम्ही वाचनालयाच्या बाहेर गेलात!" राजनंदिनी ओरडली.

काकांनी खाली पाहिलं. रेघ पार पलीकडे राहिली होती! ते खो खो हसले आणि चपलेनेच त्यांनी ती पुसून टाकली.

"लई हुशार पोरं हायेत! नकाशा हुता तसाच ठेवू. आनखी काय बदलायचं, इंजिनिअरबाई?" त्यांनी रुपालीला विचारलं.

करण हसला. रुपालीला हसू आलं नाही.

"लिंबाकडं मोठी खिडकी ठेवा. आई आली की आतून दिसली पाहिजे."

मूठभर फक्की घेऊन काकांनी स्वतःच्या हाताने खिडकीची जागा आखली.

भिंत अजून उभी राहायची होती. तरी त्या खिडकीपाशी बसून रुपाली रस्त्याकडे बघत राहिली. साखर कारखान्याचा पट्टा पडायला, म्हणजे ऊसतोड संपून आई परतायला, अजून कितीतरी महिने होते.