दारावरचा आळ

आळंदच्या चिंचेच्या कोल्ड स्टोअरमध्ये इरप्पा हमाल अडकून चाळीस मिनिटं झाली होती. आत चार अंश थंडी, अंगात घामानं भिजलेलं बनियन. मोटारीवर सरकणारं लोखंडी दार हलत नव्हतं, त्याची आतली मूठ महिनाभर तुटलेली, आणि दार कापणारा कलबुर्गीहून आत्ता कुठे निघाला होता. तोवर म्हातारा तग धरेल, असं कुणालाच वाटत नव्हतं.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांची प्रमुख सुधारानी धावत आली. दार चालवणाऱ्या कॉम्प्युटरवर एकच ओळ होती: ‘दार: उत्तर नाही. प्रोग्राम बंद.’

प्रोग्राममधला दाराचा भाग नेत्रावतीनं लिहिलेला. सगळे तिच्याकडेच बघत होते. वजनाचा भाग लिहिणारा महेशकुमार कोपऱ्यात गप्प उभा होता. दोघं सुधारानीच्याच हाताखालचे.

“किती वेळा परत चालू केलीस?”

“तीनदा, अक्का. तीनदा तसंच बंद पडलं.”

“दाराच्या ओळीआधी वजनाची एक तरी ओळ आली?”

नेत्रावती रडवेली झाली होती. “न्हाई.”

सुधारानीला हेच खटकलं. वजन, थंडी, दार ही कामं प्रोग्राममध्ये एकदमच चालतात, मग वजन मुकं का? तिनं चौकशी केली. कारकून रजेवर होता. आज नोंदी पहिल्यांदाच इरप्पानं केल्या होत्या. बाहेर हमाल ट्रकमधली पोती मोजत होते: लाभ, दोन, तीन.

ती दाराला तोंड लावून ओरडली. “इरप्पा अण्णा, पहिल्या पोत्याला नंबर काय टाकलात?”

“लाभ.” आवाज कापत होता. “बोटं बधिर व्हायलीत, अक्का.”

तिनं ती नोंद पुसली, त्या जागी १ लिहिलं, प्रोग्राम चालू केला. दार कुरकुरत सरकलं. इरप्पाचे ओठ निळे पडले होते. नेत्रावतीनं त्याला घोंगडीत गुंडाळलं.

मग सुधारानी बोलली. “बाजारात पहिलं माप कुणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. वजनाला आकडा हवा होता, अक्षरं आली. ते जागीच मेलं, आणि प्रोग्राममधली सामाईक किल्ली, जी एका वेळी एकाच कामाला मिळते, ती त्याच्याच हातात राहिली. दार किल्लीची वाट बघत बसलं, शेवटी ओरडलं. आपण ओरडणाऱ्यालाच धरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. दरवेळी तीच नोंद पुन्हा वाचली जायची, म्हणून दरवेळी तेच. पण मेलेल्याचं तोंड कुणीतरी बांधलं होतं.” ती वळली. “महेश, कामून?”

“लाल अक्षरं दिसली की मालक चिडायचे. म्हणून वजनाचे संदेशच बंद केले.”

“आज कधी कळलं तुला?”

त्यानं मान खाली घातली. “दुसऱ्यांदा बंद पडलं तेव्हा.”

सुधारानीला त्याची किळस आली. तिनं त्याला तिथंच बसवलं. प्रोग्राममधल्या मरणाऱ्या प्रत्येक कामानं स्वतःचं नाव, हातात काय होतं आणि शेवटचं काय वाचलं, हे सांगून मरायचं. तसं आत्ताच लिहायला लावलं.

“पहिल्याला आता एक म्हणायचं का?” इरप्पानं चहाचा कप दोन्ही हातांनी धरून विचारलं.

“न्हाई, अण्णा. लाभच म्हणा. लाभ म्हणजे एक, हे महेश शिकवेल मशीनला.”

इरप्पा घोंगडीसकट महेशकुमारच्या शेजारी जाऊन बसला. महेशकुमारला मान वर करता येईना.