शटरचा टीव्ही

दर रविवारी सकाळी भीमा चिलापीची पिशवी घेऊन कुंडलिकाकडं यायचा. हायवेच्या कडेला त्याची मासे तळून द्यायची टपरी होती. पहाटे उजनीच्या पाण्यातून जाळी वर आली की दोन मासे कुंडलिकआबांसाठी बाजूला निघायचे. मासे पातेल्यात टाकून तो स्वतःच चहा ठेवायचा आणि बाजेच्या काठावर बसून बोलत राहायचा. कुंडलिकाची बायको द्वारकाबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून त्या घरात मोठ्यानं बोलणारा हा एकच माणूस.

"आबा, बारामतीला चाललाय म्हणं तुमी?"

"अविराज ऐकंना. पुढल्या महिन्यात गाडी घेऊन येतो म्हणतोय."

"आन् ह्या डब्याचं काय?"

डबा म्हणजे भिंतीला लावलेला जुना शटरचा टीव्ही. लाकडी पेटी, दोन्हीकडून सरकणाऱ्या पट्ट्यांचं दार, खाली चार पाय. पोरानं, अविराजनं, आणलेला नवा पातळ टीव्ही त्याच्याच डोक्यावर उभा होता.

"भंगारवाल्याला सांगून ठेवलंय त्यानं."

भीमाला वाईट वाटलं. "काय रविवार होते, आबा! अंघोळ न करताच पळत यायचो आमी. ती टीव्हीतली कापडाची म्हैस आठवती का? त्या टोपीवाल्या काकाचं बोट चावायची बघा. आमी नुसते लोळायचो हसून."

"मला कशी आठवंल? मी पत्र्यावर."

"व्हय की!" भीमानं मांडीवर थाप मारली. "तुमी तर सगळं पत्र्यावरनंच बघितलं."

ते खरं होतं. टीव्ही कुंडलिकाचा थोरला भाऊ संभाजी याचा. सत्त्याऐंशी साली पळसदेवात असे दोनच टीव्ही होते. वीज कधी असायची, कधी नसायची, म्हणून संभाजी ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायचा. अँटेना पत्र्यावर, लोखंडी पाइपाला बांधलेला. पाण्याकडून वारं सुटलं की पाइप फिरायचा आणि चित्राच्या जागी मुंग्या यायच्या. मग कुणीतरी अर्धा तास वर पाइप धरून उभं राहायला लागायचं. धाकटा भाऊ म्हणून ते काम कुंडलिकाचं. खाली पोरं दाटीवाटीनं बसलेली, वर हा तापल्या पत्र्यावर अनवाणी. तो ओरडायचा, "आलं का?" आणि खालून त्याची पोरगी संजीवनी ओरडायची, "आलं, दादा!" नाहीतर, "गेलं! मुंग्या!"

त्याच श्रावणात तिला ताप भरला. जीपमधून इंदापूर गाठेपर्यंत सगळं संपलं होतं. पाच वर्षांची होती. शाळेत नाव घातलेलं नव्हतं, त्यामुळं शाळेतलाही फोटो नव्हता. अविराज पुढच्या वर्षी झाला. संभाजीच्या पोरांनी पुढं हायवेला बंगला बांधला आणि जुनं घर कुंडलिकाकडं आलं, टीव्हीसकट.

इतकी वर्षं पोरीचा चेहरा द्वारकेनं सांभाळला होता. भाकरी थापता थापता ती सहज म्हणायची, संजीची हनुवटी माझ्या आईसारखी, नाक तुमच्यावर गेलेलं. कुंडलिक हं म्हणायचा. द्वारका गेली आणि महिन्याभरानं एका दुपारी त्यानं डोळे मिटून पोरीला आठवून बघितलं. आवाज आला. चेहरा आला नाही. मग तो रोज बघू लागला आणि रोज फक्त आवाज यायचा. बारामतीत तर हे घर नाही, हा पत्रा नाही. तिथं आवाजही राहणार नाही, अशी त्याला धास्ती बसली होती.

भीमा गेल्यावर त्यानं नवा टीव्ही उचलून बाजूला ठेवला. भंगारात द्यायचा तरी पुसून द्यावा, म्हणून फडकं ओलं केलं. शटर अडलं होतं, धक्क्यानं उघडलं. आतली काच फुगीर, राखेच्या रंगाची. तिच्यात समोरचं दार, दारातलं ऊन, बाज आणि तो स्वतः, सगळं लहान होऊन दिसत होतं. खालच्या कडेला काही काळे ठिपके होते. त्यानं काच पुसली. ठिपके गेले नाहीत. घड्याळात नऊ वाजून गेले होते. थोड्या वेळानं बघितलं तेव्हा काच स्वच्छ होती.

पुढच्या रविवारी भीमाला पंढरपूरकडचं गिऱ्हाईक होतं, तो मासे देऊन लगेच गेला. नवाला कुंडलिक बाजेवर बसला. काचेत ठिपके आले. ते ठिपके नव्हते, डोकी होती. त्याच्या आणि टीव्हीच्या मधे जमिनीवर सात पोरं बसली होती, तोंडं काचेकडं करून. त्यानं जमिनीकडं बघितलं. शेणानं सारवलेली मोकळी जमीन आणि एक मुंगळा. काचेत बघितलं. सात पोरं. टीव्हीला बॅटरी नव्हती, वायर कधीच उंदरांनी खाल्ली होती. तरी पोरांच्या तोंडांवर निळसर उजेड पडत होता आणि तो हलत होता. मधेच सगळी एकदम हसली. आवाज काहीच नाही. नुसती तोंडं उघडली, दात दिसले, खांदे हलले. साडेनवाला ती गेली.

कुंडलिक भ्याला नाही. त्याच्या मनात एकच गोष्ट आली, ह्यातली संजी कोणती?

हीच तर अडचण होती. चेहराच आठवत नव्हता, तर ओळखणार कशावरून? पोरी दोन दिसत होत्या. एक जाड, दोन वेण्यांची, तोंडात सारखं काहीतरी. दुसरी बारीक, लाल रिबीन बांधलेली, हसऱ्या तोंडाची. संजी हसरी होती, एवढं त्याला पक्कं वाटत होतं. तिसऱ्या रविवारी, भीमा गेल्यावर, त्यानं रिबीनवालीकडं बघत हलकेच हाक मारली, "संजे."

कुणी हललं नाही. चौथ्या रविवारी त्यानं परत हाक मारली. रिबीनवालीची नजर पडद्यावरून जराशी सरकली आणि काचेतून त्याच्यावर आली. त्याचे डोळे भरून आले. "संजे, मी हाय गं," तो म्हणाला. "दादा." तिनं मान हलवली. नवं काहीतरी शिकलेलं पोर हलवतं तशी, सावकाश.

त्या आठवड्यात त्यानं वही काढली. अक्षरं तो चाळिशीत साक्षरता वर्गात शिकला होता, हात अजून जड होता. एकेका ओळीवर एकेक पोर उतरवायला दोन दिवस गेले. रविवारी भीमा आला तेव्हा वही त्याच्या हातात दिली.

भीमानं मोठ्यानं वाचलं. "दोन वेण्या, शेंगा खाती. ही सोनम, संभातात्याची. दुसरी कोण असणार!" त्यानं पुढची ओळ वाचली. "सदऱ्याला बटण न्हाय, मधे बसतो." तो थांबला. "आबा, हा तर मी हाय. कुणी सांगितलं तुमाला?"

"बाकीचे सांग."

"टोपीवाला म्हंजे लोहाराचा किसन. हे दोघं जुळे, जाधवांचे. उंबऱ्यापाशी, डोकं भादरलेला पोरगा... कोण बरं? उन्हाळ्यात सगळ्यांचीच डोकी भादरायचे. लाल रिबीन." त्यानं वहीवरून मान वर केली. "ही कोण?"

"ती संजी."

"न्हाय, आबा. रिबीन हुती कुणाकडं आमच्यात? सोनमकडं नव्हती, मग आपल्याकडं कुठली."

"मग संजी कशी दिसायची, सांग."

भीमानं वही मिटली. "रागवू नका. हुती, एवढं ध्यानात हाय. पण आमी टीव्हीकडं बघायचो. तिच्याकडं कोण बघतंय?"

मग कुंडलिकानं त्याला सगळं सांगितलं. भीमा हसला नाही, ते बरं केलं. नऊ वाजले तशी त्यानं काचेत डोकावून बघितलं. "मला तुमी दिसताय आन् मी दिसतोय. माझं टक्कल दिसतंय झकास."

कुंडलिकाला सातही पोरं दिसत होती. रिबीनवाली आता पडद्याकडं बघतच नव्हती.

"मी पत्र्यावर जातो," तो उठत म्हणाला. "वरनं हाक मारली की ती ओ देती. तिला तीच सवय हाय."

"बसा गुमान! बहात्तर वय झालं, आन् चालले पत्र्यावर. पाय सरकला तर अविराज माझी चटणी करंल. आन् तुमी वर गेल्यावर खाली बघणार कोण?"

हे कुंडलिकाच्या ध्यानातच आलं नव्हतं. वर असला की आवाज, खाली असला की चेहरा. आयुष्यभर त्याला एका वेळी एकच मिळालं होतं.

"मी चढतो," भीमा म्हणाला. "तुमी बघा. काय म्हणायचं?"

"आलं का, एवढंच."

बांबूची शिडी भीमाच्या वजनानं करकरली. पत्रा वाजला. अँटेना कधीच गेला होता, गंजलेला पाइप तेवढा उभा होता. वरून भीमाचा घोगरा आवाज आला, "आलं का?"

काचेत सहा तोंडं होती तशीच राहिली. रिबीनवालीही हलली नाही, ती कुंडलिकाकडं बघत होती.

उंबऱ्यापासच्या भादरलेल्या पोरानं मान वर केली. थेट आढ्याकडं.

आणि कुंडलिकाला ते एकदम आठवलं. उवा झाल्या म्हणून द्वारकेनं त्या उन्हाळ्यात संजीचं डोकं भादरलं होतं. पोरगी दोन दिवस रडली होती. तोच तिला खांद्यावर घेऊन फिरला होता.

मान वर असल्यानं चेहरा दिसेना. बारीक गळा दिसला. हनुवटी दिसली, द्वारकेच्या आईची. ओठ हलले.

"ऐकलं, आबा!" वरून भीमा म्हणाला. "आलं म्हणताय न्हवं?"

कुंडलिक काहीच बोलला नव्हता.

संजी उठली. पाठमोरी झाली. काचेतल्या उन्हातून ती दाराबाहेर गेली.

"इकडं बघ," कुंडलिक पुटपुटला. "एकदा बघ गं."

बाहेर शिडी करकरली. पहिली पायरी. दुसरी. वजन फार नव्हतं.

"आबा, चढू नका म्हणलं ना तुमाला!"

तिसरी. चौथी.

"आबा?" मग भीमाचा आवाज मऊ झाला, लेकराशी बोलावं तसा. "अगं, कुणाची गं तू? सावकाश. पत्रा तापलाय."

कुंडलिक उठायला गेला. बाहेर चार पावलांवर शिडी होती, वर तिचा चेहरा होता आणि तो बघत होता भीमा.

त्याच्या शेजारी बाजेची सुतळी ताणली गेली.

त्यानं शेजारी बघितलं नाही, काचेत बघितलं. जमिनीवर आता कुणीच नव्हतं. बाजेवर तो होता आणि त्याला टेकून, लाल रिबीन बांधून, ती बसली होती. हसत होती.

वर पत्र्यावर बारीक पावलं वाजत होती. शिडीपासून लांब, मागच्या कडेकडं.

हाक मारली तर संजी थांबली असती. त्यानं तोंड उघडलं, नाव ओठांपर्यंत आणलं. काचेत त्याच्या शेजारचं तोंडही उघडलं, त्यानंच शिकवलेल्या नावाला ओ द्यायला.

कुंडलिकानं ओठ मिटून घेतले.